आईच्या खात्यावर किती रुपये उतरले, तेवढंच बघा

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे. आई तासगावला एकटी असते, धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. पगार झाला की माझं पहिलं काम आईला पैसे पाठवायचं. महिन्याला ३०० पौंड. त्यात तिची बीपीची गोळी, किराणा, लाइटबिल, धुण्याभांड्याच्या मावशींचा पगार आणि तिची भिशी एवढं बसतं.

इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मी माझ्या इथल्या बँकेच्या ॲपमधून थेट पैसे पाठवले. बँक मोठी, ॲप चांगलं, मग आणखी कशाला शोधायचं असं वाटलं. पौंडाचा भाव ११० च्या आसपास होता, म्हणून आईला फोनवर सांगितलं की तेहतीस हजार येतील. चार दिवसांनी तिचा फोन आला. बँकेत जाऊन पासबुक छापून आणलं होतं आणि चष्मा लावून एकेक ओळ वाचत होती.

"तू तेहतीस म्हणालीस न्हवं? हितं एकतीस हजार सातशे बारा जमा दिसतंय. आन् त्याच्याखाली दोनदा कापलंय बघ."

मी तिला त्या पानाचा फोटो काढून पाठवायला सांगितला आणि रात्रपाळीच्या सुट्टीत कागद घेऊन बसले. तो हिशोब इथे मांडते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माझ्या खात्यातून ३१५ पौंड गेले होते. ३०० पाठवायचे आणि १५ इथल्या बँकेची फी. वाटेत मधल्या एका बँकेने ५ पौंड काढून घेतले. दोन देशांतल्या बँकांचा एकमेकींशी थेट व्यवहार नसला, तर पैसे तिसऱ्या बँकेतून फिरून जातात आणि ती आपला वाटा घेते. ॲपमध्ये मी 'खर्च दोघांत वाटून' हा आधीच निवडलेला पर्याय तसाच ठेवला होता, त्यामुळे तो वाटा आईच्या पैशातून गेला. उरलेल्या २९५ पौंडांचे तासगावच्या शाखेने १०७.५० च्या भावाने रुपये केले, ३१,७१२.५०. मग चलन बदलल्याबद्दल जीएसटी ५७.०८ आणि परदेशी रक्कम जमा करण्याचा आकार जीएसटीसह ११८. हातात राहिले ३१,५३७.४२.

३१५ पौंड गुणिले ११० म्हणजे ३४,६५०. त्यातले ३,११३ रुपये वाटेत गेले. शंभरातले जवळजवळ नऊ. आणि मला ॲपवर दिसलेली फी होती फक्त १५ पौंड.

त्या जीएसटीबद्दल दोन ओळी, कारण पासबुकात तो पाहून खूप जण गोंधळतात. बँकेने चलन बदलून दिलं की बदललेल्या सगळ्या रकमेवर १८ टक्के लागत नाहीत. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का, पण किमान २५० रुपये, ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के लावतात. म्हणून २५ हजारांपर्यंत ४५ रुपये आणि बरोबर एक लाखाला १८० रुपये. तो सरकारी आकार आहे, त्यावरून शाखेतल्या माणसाशी वाद घालू नका. वाद घालायचा असेल तर भावावर घाला.

भाव हीच मोठी फी

पैसे पाठवण्याच्या सेवा दोन ठिकाणी कमावतात. एक फी, जी मोठ्या अक्षरात लिहिलेली असते. दुसरा भाव, म्हणजे एका पौंडाला ते किती रुपये देतात. बाजारात खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन भाव असतात, त्यांच्या मधोमध जो येतो तो खरा मधला भाव. गुगलवर पौंड आणि रुपया टाकलं की साधारण तोच दिसतो. सेवा त्याच्यापेक्षा जितका कमी भाव देते, तितकी तिची दुसरी फी, फक्त तिला फी म्हणत नाहीत. 'शून्य फी' असं लिहिलेलं दिसलं की मी आधी भाव बघते.

एक नमुन्याचा हिशोब बघा. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. मधला भाव ११० आहे आणि तिन्हीकडे माझ्या खात्यातून जाणार बरोबर ३०० पौंड. पहिली सेवा फी घेत नाही, पण भाव देते १०७.८०. आईला ३२,३४० मिळतात. दुसरी अडीच पौंड घेते आणि भाव देते १०९.२०. आईला ३२,४८७. तिसरी एक पौंड नव्वद पेन्स घेते आणि भाव मधलाच, ११०. आईला ३२,७९१. फी नसलेली सेवा सगळ्यात महाग पडली. फरक महिन्याला ४५१ रुपयांचा, वर्षाला ५,४१२. आमच्या घरात एवढ्यात आईची कितीतरी महिन्यांची औषधं येतात, म्हणून मी हे इतकं मन लावून बघते.

तेव्हा दोन-तीन ॲप उघडा आणि प्रत्येकात 'माझ्याकडून जाणार' या रकान्यात एकच आकडा भरा, फी धरून. मग फक्त शेवटचा आकडा बघा: समोरच्याला किती रुपये मिळणार. पाच मिनिटांच्या आत तिन्ही बघा, कारण भाव सतत हलतो. सकाळी एक ॲप आणि रात्री दुसरं बघून तुलना केली तर त्याला अर्थ नाही. मी फोनमध्ये दर महिन्याच्या नोंदी ठेवते: किती पौंड गेले, किती रुपये उतरले, त्या मिनिटाचा मधला भाव. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की कोण नेहमी बरा आणि कोण एखाद्याच महिन्यात बरा, हे आपोआप कळतं.

वाइज, जिचं नाव २०२१ पर्यंत ट्रान्सफरवाइज होतं, मधला भाव देते आणि फी वेगळी दाखवते. रेमिटलीसारख्या सेवेत घाईचा आणि सावकाशीचा असे दोन दर असतात. वेस्टर्न युनियनमधून खात्यावरही जातात आणि रोखही मिळतात. यातली कुठली कायमची स्वस्त असं मी सांगणार नाही. रकमेवर, देशावर आणि त्या दिवसावर ते बदलतं.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. नव्या ग्राहकाला पहिल्या वेळी खास भाव मिळतो, कधीकधी मधल्या भावापेक्षाही चांगला. तो जरूर घ्या. पण दुसऱ्या महिन्यात तीच सेवा काय देते ते पुन्हा तपासा. माझ्या वॉर्डातल्या एका केरळच्या मैत्रिणीने पहिल्या वेळचा भाव बघून सेवा पक्की केली आणि दोन वर्षं तिथूनच पाठवत राहिली. आम्ही शेजारी बसून आकडे लावले तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

पैसे कसे भरता, त्यावरही फी ठरते

ॲपला पैसे देण्याचे तीन मार्ग असतात: बँकेतून थेट, डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड. इथे इंग्लंडमध्ये एका खात्यातून दुसऱ्यात पैसे लगेच आणि फुकट जातात, म्हणून मी नेहमी बँकेतून थेट भरते. डेबिट कार्डाने भरलं तर बऱ्याच सेवांची फी थोडी वाढते. क्रेडिट कार्डाने भरूच नका. कार्ड देणाऱ्या बहुतेक बँका त्याला रोख उचल समजतात. तिची फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून, महिन्याची सवलत मिळत नाही. आई दवाखान्यात आहे आणि हातात दुसरे पैसे नाहीत, अशी वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

वेळेचंही तसंच. शुक्रवारी रात्री चलनाचा बाजार बंद होतो तो रविवारी रात्री उघडतो. मधल्या काळात काही सेवा आपल्या बचावासाठी भाव थोडा कमी देतात. माझा पगार शनिवार-रविवारला चिकटून आला तर मी मंगळवारपर्यंत थांबते. पण भाव वाढेल म्हणून आठवडेच्या आठवडे थांबू नका. आईची भिशी पाच तारखेला असते, पौंड चढेपर्यंत ती थांबत नाही.

तुकडे करून पाठवायचं की एकदम? फी ठरावीक असेल तर एकदम. १०० पौंड तीनदा पाठवले आणि दर वेळी २.९९ लागले, तर जवळजवळ नऊ पौंड गेले, म्हणजे ११० च्या भावाने ९८७ रुपये. फी टक्क्यात असेल तर फारसा फरक पडत नाही.

आईच्या बाजूची तयारी

यातला निष्काळजीपणा फीपेक्षा महाग पडतो. पैसे परत आले तर पौंडाचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा पौंड, असा दोनदा भावाचा फटका बसू शकतो.

आईचं जुनं खातं गावातल्या पतसंस्थेत होतं. तिथे परदेशातून पैसे टाकता येईनात, म्हणून भावाने तिला राष्ट्रीयीकृत बँकेत बचत खातं उघडून दिलं. खात्यावरचं नाव जसं छापलंय अगदी तसंच ॲपमध्ये भरा. आईला घरी-दारी सगळे एका नावाने हाक मारतात, आधारवर दुसरं आहे आणि पासबुकावर नवऱ्याचं नाव मध्ये धरून तिसरंच. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि त्यावरून उतरवा, तोंडी ऐकून लिहू नका.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं चिन्ह नेहमी शून्य. ते शून्यच, इंग्रजी ओ नव्हे. शेवटची सहा चिन्हं शाखेची. बँकांची विलीनीकरणं झाली त्यात कितीतरी शाखांचे कोड बदलले. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात. घरात पासबुक जुनं असेल तर कोड नवा आहे का, हे आधी शाखेत विचारा.

ॲप 'कशासाठी पाठवताय' असं विचारतं. तिथे कुटुंबाचा निर्वाह निवडा. भारतात त्याला पी१३०१ असा ठरलेला कोड आहे. मुलीने आईला दिलेल्या पैशांवर आईला आयकर नाही, जवळच्या नात्यातली भेट करात धरत नाहीत. आईने त्या पैशांची एफडी केली तर त्यावरचं व्याज मात्र तिचं उत्पन्न. दोन-तीन वर्षांचे ॲपचे हिशोब एका फोल्डरमध्ये ठेवा, कधी विचारणा झाली तर दाखवता येतात.

खातंच नसेल तर रोख घेण्याची सोय आहे. त्या योजनेत एका वेळी २,५०० डॉलरच्या वर जात नाही, एका माणसाला वर्षात ३० वेळाच घेता येतात आणि ५० हजारांपर्यंतच रोख हातात मिळतात. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसाला रोख घ्यायला पाठवू नका. गावातून तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं आणि येताना पिशवीत रोकड. त्यापेक्षा एकदा खातं उघडून द्या.

एनआरई खातं आणि यूपीआय

हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

परदेशात कामाला गेल्यावर भारतातलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. त्यासोबत एनआरई खातं उघडता येतं, ज्यात परदेशातली कमाई रुपयांत ठेवता येते. आता मी दर महिन्याला पाठवत नाही. तीन महिन्यांचे ९०० पौंड एकदम, भाव बघून, माझ्याच एनआरई खात्यात टाकते. तुमची सेवा एनआरई खात्यावर पैसे टाकते का, हे आधी पाहून घ्या. तिथून आईच्या खात्यात एनईएफटीने. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी केली तर जानेवारी २०२० पासून बँका आकार घेत नाहीत, आणि ही सेवा डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू असते.

त्याहून सोयीचं म्हणजे यूपीआय. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२३ मध्ये दहा देशांचे मोबाइल नंबर एनआरई आणि एनआरओ खात्यांना यूपीआयसाठी जोडायला परवानगी दिली. त्यात इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी, कतार आणि ओमान आहेत. तुमची बँक आणि ॲप ते देतात का, हे विचारावं लागतं. माझा लेस्टरचा नंबर जोडला गेला त्या दिवशी आई मेडिकलच्या दुकानात उभी होती. तिने व्हिडिओ कॉलवर दुकानातला कोड दाखवला, मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि इथून ६४० रुपये दिले. फी शून्य. दुकानातल्या छोट्या स्पीकरने रक्कम मोठ्याने सांगितली तशी आई म्हणाली, "आलं बघ, आलं."

इतर देशांतल्यांसाठी

सिंगापूरला माझा मामेभाऊ आहे. तिथली पेनाऊ, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, आणि आपली यूपीआय २१ फेब्रुवारी २०२३ ला जोडली गेली. तिथून पाठवायची मर्यादा दिवसाला एक हजार सिंगापूर डॉलर, पण दोन्हीकडच्या ठरावीक बँकाच यात आहेत. अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून रोख किंवा मनीऑर्डर देऊन परदेशी पैसे पाठवले तर एक टक्का कर आहे. तिथल्या बँक खात्यातून किंवा तिथल्या कार्डाने भरले तर नाही. तिथे सेवेला फी, भाव आणि समोर मिळणारी रक्कम आधी दाखवावीच लागते, आणि पैसे भरल्यावर बहुतेक वेळा अर्ध्या तासात रद्द करता येतं. आखातात एक्स्चेंज हाउसच्या, म्हणजे चलन बदलून पैसे पाठवणाऱ्या दुकानाच्या, खिडकीवर रांग लावण्याआधी त्याच हाउसच्या ॲपवरचा भाव बघा आणि दोन्हींत आईला किती मिळतात ते पडताळा.

पेपालबद्दल मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. इंग्लंडमध्ये दोन मैत्रिणी एकमेकींना पाठवतात तसे भारतातल्या आई-भावाला पेपालवर पाठवता येत नाहीत. भारतातलं पेपाल खातं परदेशी ग्राहकांकडून कामाचे पैसे घेण्यासाठी आहे. भावाने तिथे 'मालाची विक्री' दाखवून पैसे घ्यावेत, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फी भावाला पडते, वर खोटी नोंद त्याच्या नावावर राहते.

कितीही चांगला भाव मिळाला तरी नको

शिकायला आलेल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दिसतं: "मला पौंड हवेत, रुपये देतो, भाव गुगलचा, फी नाही." तुम्ही इथे त्याच्या खात्यात ३०० पौंड टाकायचे आणि तिकडे त्याचे कोणीतरी तुमच्या आईच्या खात्यात ३३ हजार टाकणार. हिशोबाला हे सगळ्यात स्वस्त दिसतं. पण हे परदेशी चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. आणि आईच्या खात्यात पैसे येतात ते अनोळखी माणसाकडून. ते पैसे कोणाला तरी फसवून काढलेले असतील, तर सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँक आईचं खातं गोठवते. आमच्याच ओळखीत एका मुलाच्या वडिलांचं खातं असं अडकलं, पेन्शनसकट. सत्तरीतल्या त्या माणसाला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागला. आईबापांना या वाटेवर ढकलू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

पैसे अडकले तर

ॲपवर 'पोहोचले' दिसतंय आणि खात्यात नाहीत, असं झालं तर आधी ॲपमधून यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला क्रमांक, काढा आणि तो आईला व्हॉट्सॲपवर पाठवा. शाखेत "पैसे आले नाहीत" एवढंच सांगितलं तर कोणी नीट बघत नाही. क्रमांक, तारीख आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून दिली की शोधून देतात. इंग्लंडमधल्या सेवेने तक्रारीला दाद दिली नाही तर इथल्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे, फुकट जाता येतं. नवी सेवा वापरण्याआधी तिचं नाव एफसीएच्या, म्हणजे इथल्या आर्थिक सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत आहे का, ते मी बघते. पहिल्यांदा कुठूनही पाठवताना २० पौंडच पाठवते, ते पासबुकात दिसले की मग बाकीचे.

शेवटचा खर्च आईच्या दाराशी असतो आणि तो कुठल्याच ॲपवर दिसत नाही. स्वतःच्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच वेळा फुकट, त्यानंतर मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत, वर जीएसटी. आई पाचशे-पाचशे करून काढायची, महिन्यात आठ-नऊ वेळा. आणि गुडघा दुखत असला की गल्लीतल्या एका दुकानात अंगठा लावून पैसे घ्यायची, तो हजारामागे दहा रुपये ठेवून घ्यायचा. मी वर्षभर पौंडाचे पैसे मोजत होते आणि ते दहा रुपये मला माहीतही नव्हते. आता दुकानदारांना आणि मावशींना मीच यूपीआयने देते. आई महिन्यातून दोनदा, भाजीला आणि देवळाला म्हणून, तीन-तीन हजार काढते आणि येताना पासबुक छापून आणते. फोटो अजून पाठवते, न सांगता.